मनगटाचा पट्टा आणि त्याचे बिल : मेडिकल कोडिंगची ओळख

रेल्वे स्टेशनबाहेरच्या भिंतींवर, बसच्या खिडकीमागे आणि आता मोबाईलवरही एक जाहिरात हमखास दिसते : ‘मेडिकल कोडिंग शिका, अमेरिकन कंपनीचे काम मिळवा.’ आपल्या वसाहतीतील पदवीधर मुले-मुली ती वाचून क्लासची चौकशी करू लागतात आणि घरातील वडीलधारी मंडळी विचारतात, ‘हे काम नेमके असते तरी काय? डॉक्टरचे की कॉम्प्युटरचे?’ या प्रश्नाचे सरळ उत्तर मराठीत क्वचितच वाचायला मिळते. क्लासवाले नोकरीचे सांगतात, कामाचे सांगत नाहीत. म्हणून प्रस्तुत लेखात ते काम जसे आहे तसे मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

आम्ही बँकेतील कारकून, कला शाखेचे पदवीधर. वैद्यकशास्त्राशी आमचा संबंध रुग्णाचाच. परंतु नमुने, व्हाउचरे, सांकेतिक क्रमांक आणि शेरा मारून परत आलेले धनादेश यांतच आमची नोकरीची वर्षे गेल्याने हा विषय समजून घेताना तो आम्हाला परका वाटला नाही. विषय मोठा आहे, तेव्हा शितावरून भाताची परीक्षा करावी या न्यायाने आम्ही एकच लहानशी वस्तू निवडली आहे : मनगटाला बांधण्याचा तयार पट्टा. या एका पट्ट्याचे बिल अमेरिकेत कसे तयार होते हे कळले, की सगळ्या व्यवसायाची रीत कळते.

पट्टा कोणता आणि कशासाठी?

आपल्याकडे सर्जिकल सामानाच्या दुकानात हा पट्टा मिळतो. कापड व फोम, आत तळहाताच्या बाजूने अॅल्युमिनियमची किंवा प्लास्टिकची पट्टी आणि वर चिकटणारे बंद. आतील कडक पट्टीमुळे मनगट वाकत नाही व थोडे वरच्या बाजूस उचललेले किंवा सरळ राहते. डॉक्टर मंडळी याला ‘कॉक-अप स्प्लिंट’ म्हणतात.

हा पट्टा मुख्यतः तीन प्रसंगी दिला जातो. पहिला, कार्पल टनेल सिंड्रोम. मनगटातील एका अरुंद बोगद्यातून मीडियन नावाची नस जाते. ती दाबली गेली की अंगठा, तर्जनी, मधले बोट व अनामिकेचा अर्धा भाग यांना मुंग्या येतात. रात्री हा त्रास वाढतो, म्हणून झोपताना पट्टा बांधून मनगट सरळ ठेवतात. दुसरा प्रसंग, मनगट मुरगळणे. तिसरा, हाड मोडल्यानंतरचा काळ. हात टेकून पडल्यावर मनगटाजवळचे हाड विशिष्ट रीतीने मोडते. आयर्लंडचे शल्यवैद्य अब्राहम कॉलेस यांनी १८१४ साली त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला ‘कॉलेस फ्रॅक्चर’ म्हणतात. प्लास्टर काढल्यावर काही दिवस आधारासाठी पट्टा देतात.

आपल्याकडे रुग्ण दुकानात जातो, पैसे मोजतो, पट्टा घेतो आणि व्यवहार संपतो. अमेरिकेत बहुधा असे होत नाही. तेथे उपचाराचा खर्च मुख्यतः विमा भागवतो. पासष्ट वर्षांवरील नागरिकांसाठी १९६५ च्या कायद्याने सुरू झालेली ‘मेडिकेअर’ ही सरकारी योजना आहे, गरिबांसाठी ‘मेडिकेड’ आहे आणि नोकरी करणाऱ्या बऱ्याच लोकांना मालकामार्फत खाजगी विमा मिळतो. पट्टा देणारा दुकानदार, ज्याला तेथे ‘सप्लायर’ म्हणतात, आपले बिल विमा संस्थेकडे पाठवतो. ते बिल शब्दांत नव्हे तर कोडमध्ये लिहावे लागते. हे लिहिण्याचे व त्याचे पैसे वसूल होईपर्यंत पाठपुरावा करण्याचे काम मोठ्या प्रमाणावर भारतात होते. चेन्नई, हैदराबाद, बंगळुरू यांच्याबरोबर पुणे, मुंबई आणि नवी मुंबई येथेही अशी कार्यालये आहेत. आपल्या मुलांचा या पट्ट्याशी संबंध येतो तो असा.

कोड म्हणजे काय?

आपल्या चेकबुकावर खाली नऊ आकडी क्रमांक छापलेला असतो. त्यातील पहिले तीन अंक शहराचे, पुढचे तीन बँकेचे आणि शेवटचे तीन शाखेचे. वाचणाऱ्या यंत्राला ‘अमुक बँकेची अमुक शाखा’ असे लांबलचक सांगावे लागत नाही. वैद्यकीय कोडही असाच आहे. लाखो डॉक्टर आपापल्या शब्दांत लिहितात, त्या सर्वांचे एकाच भाषेत रूपांतर करणे म्हणजे कोडिंग.

अमेरिकेत कोडची तीन पुस्तके मुख्य मानली जातात. पहिले आजाराचे, त्याला ‘आयसीडी-१०-सीएम’ म्हणतात. आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीचा उगम १८९३ साली जाक बर्तियाँ यांनी केलेल्या मृत्यूच्या कारणांच्या यादीत आहे. पुढे ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली. तिच्या दहाव्या आवृत्तीवरून अमेरिकेने स्वतःसाठी विस्तृत यादी केली आणि ती १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू झाली. दुसरे पुस्तक डॉक्टरांच्या कृतींचे, म्हणजे तपासणी, शस्त्रक्रिया, टाके इत्यादींचे. ते ‘सीपीटी’ या नावाने अमेरिकन मेडिकल असोसिएशन १९६६ पासून काढते. तिसरे वस्तूंचे व इतर सेवांचे. त्याचे नाव ‘एचसीपीसीएस’ असून कार्यालयात सगळे त्याला ‘हिकपिक्स’ म्हणतात. यातील प्रत्येक कोड एक अक्षर व चार अंक असा पाच स्थानांचा असतो. शरीराला आधार देणाऱ्या पट्ट्यांचे आणि कृत्रिम अवयवांचे कोड ‘एल’ या अक्षराने सुरू होतात.

थोडक्यात, बिलावर दोन प्रश्नांची उत्तरे लागतात : दिले काय, आणि का दिले? पहिल्याचे उत्तर ‘एल’ कोड देतो, दुसऱ्याचे आयसीडी कोड. दोन्ही उत्तरे परस्परांशी जुळली तरच बिल पुढे सरकते.

‘का’ या प्रश्नाचे उत्तर

उजव्या हाताच्या कार्पल टनेलचा कोड ‘जी ५६.०१’, डाव्याचा ‘जी ५६.०२’ आणि दोन्ही हातांचा ‘जी ५६.०३’. कोणता हात हे डॉक्टरांनी लिहिलेच नसेल तर ‘जी ५६.००’ उरतो, पण असा मोघम कोड विमा संस्थेला आवडत नाही. धनादेशावर तारीख नसावी तसे ते होते.

मोडलेल्या हाडाचा कोड अधिक लांब, सात स्थानांचा असतो. ‘एस ५२.५३१ए’ हा कोड फोडून पाहू. ‘एस’ म्हणजे दुखापत, ‘५२’ म्हणजे कोपराखालच्या हाताचे फ्रॅक्चर, त्यापुढील ‘५३’ ने कॉलेस प्रकार कळतो, ‘१’ म्हणजे उजवा हात. शेवटचे ‘ए’ हे अक्षर उपचाराची अवस्था सांगते. येथे नवशिके हमखास फसतात. ‘ए’ म्हणजे रुग्णाची पहिली भेट असे त्यांना वाटते. वास्तविक ‘ए’ म्हणजे मोडलेल्या हाडावर प्रत्यक्ष उपचार चालू आहेत. हाड नीट जुळून येत असताना रुग्ण पुढच्या तपासणीस येतो तेव्हा ‘डी’ लागतो, आणि जुन्या दुखापतीचा काही परिणाम मागे राहिला असेल तर ‘एस’. प्लास्टर काढल्यावर आधारासाठी पट्टा दिला, तर साधारणतः ‘डी’ हेच अक्षर योग्य ठरते.

आणखी दोन नियम ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. रुग्णाचे मनगट दुखते एवढेच माहीत असेल तर दुखण्याचा कोड आहे, उजव्या मनगटासाठी ‘एम २५.५३१’. परंतु दुखण्याचे कारण निश्चित झाल्यावर लक्षणाचा नव्हे, आजाराचा कोड लिहावा. दुसरा नियम असा, की बाह्यरुग्ण विभागाच्या कागदावर डॉक्टरांनी ‘कार्पल टनेलची शंका’ असे लिहिले असेल, तर कार्पल टनेलचा कोड लावता येत नाही. शंका हा आजार नव्हे. अशा वेळी जे निश्चित आहे तेच, म्हणजे मुंग्या येणे किंवा दुखणे, एवढेच लिहायचे. आज मशिनच्या सूचनेवरून झटपट कोड टाकण्याचा मोह होतो, पण एकदा रुग्णाच्या नावावर आजार लिहिला गेला की तो त्याच्या कागदपत्रांत राहतो. कोड लावणारा माणूस हे विसरला तर नुकसान रुग्णाचे होते.

‘काय’ या प्रश्नाचे उत्तर : तीन प्रकारचे पट्टे

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. तेथील नियमांत पट्ट्यांचे तीन प्रकार केलेले आहेत. कपड्यांचे उदाहरण घेतले तर ते चटकन कळतात.

पहिला प्रकार, दुकानातून तयार शर्ट घेऊन अंगात घालणे. कॉलरचे बटण लावले, बाही दुमडली की झाले. अशा पट्ट्याला ‘ऑफ-द-शेल्फ’ म्हणतात. बंद ओढणे, सोयीसाठी एखादी कड कापणे किंवा पट्टी थोडी वाकवणे एवढे काम रुग्ण, त्याच्या घरचे माणूस किंवा दुकानदार करू शकतो. त्याला विशेष शिक्षण लागत नाही. आपला साधा कॉक-अप पट्टा याच प्रकारात मोडतो. त्याचा कोड ‘एल ३९०८’.

दुसरा प्रकार, तयार शर्ट घेऊन शिंप्याकडून उसवून, कापून अंगाला बेतून घेणे. वस्तू कारखान्यातीलच, परंतु विशिष्ट रुग्णासाठी जाणकार माणसाने ती कापली, वाकवली, तापवून आकार दिला किंवा जोडली. हा जाणकार म्हणजे प्रमाणपत्र असलेला ऑर्थोटिस्ट किंवा तसेच विशेष शिक्षण घेतलेला माणूस असावा लागतो. काय बदल केला व का केला, हे कागदावर नोंदलेले असावे लागते.

तिसरा प्रकार, कापड घेऊन माप देऊन शिवलेला शर्ट. रुग्णाच्या हाताच्या मापावरून किंवा साच्यावरून मूळ साहित्यातून नवा पट्टा तयार करायचा. सांधे नसलेल्या अशा मनगटाच्या पट्ट्याचा कोड ‘एल ३९०६’.

पहिल्या व दुसऱ्या प्रकारातील भेद कोडमध्ये ठळक झाला तो २०१४ सालापासून. तेव्हा पूर्वीच्या अनेक कोडची वर्णने बदलण्यात आली आणि तयार वस्तूंसाठी वेगळे कोड देण्यात आले. त्यामुळे जोड्या तयार झाल्या. मनगट, हात व बोटे यांना आधार देणारा, सांधे नसलेला पट्टा जाणकाराने बेतून दिला तर ‘एल ३८०७’, जसाच्या तसा दिला तर ‘एल ३८०९’. सांधे असलेल्या मनगटाच्या पट्ट्यासाठी बेतलेला ‘एल ३९१५’ आणि तयार ‘एल ३९१६’. मनगटाच्या फ्रॅक्चरसाठी असलेल्या तयार साधनाला पुन्हा वेगळा कोड आहे, ‘एल ३९८४’.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. एकाच खोक्यातून निघालेला पट्टा दोन कोडखाली जाऊ शकतो. फरक पट्ट्यात नाही, त्यावर झालेल्या कामात आहे. ते काम झाले की नाही हे कळण्यासाठी भारतात बसलेल्या कारकुनाकडे फक्त कागद असतो. या व्यवसायात एक म्हण रूढ आहे : जे लिहिलेले नाही, ते झालेलेच नाही. व्हाउचर नाही तर खर्च नाही, हा आपल्या बँकेतला नियमच तो.

एक चौथा प्रकारही आहे, पण तो पट्टा या व्याख्येतच बसत नाही. आत कडक पट्टी नसलेला, केवळ ताणला जाणारा इलॅस्टिकचा मोजा मनगटावर चढवला, तर मेडिकेअरच्या नियमानुसार तो ‘ब्रेस’ ठरत नाही. ब्रेस म्हणजे दुबळ्या अवयवाला आधार देणारे किंवा त्याची हालचाल रोखणारे, कडक अथवा अर्धकडक साधन. इलॅस्टिकच्या मोज्यासाठी २०१७ पासून ‘ए ४४६७’ हा कोड असून त्याचे पैसे मेडिकेअर देत नाही. ‘दिसायला सारखाच आहे’ म्हणून तो ‘एल ३९०८’ खाली घालणे हा सरळ खोटेपणा होय.

उजवा, डावा आणि इतर खुणा

मूळ कोडला दोन अक्षरांची शेपटी जोडतात, तिला ‘मॉडिफायर’ म्हणतात. उजव्या हातासाठी ‘आरटी’ आणि डाव्यासाठी ‘एलटी’. दोन्ही हातांना पट्टे दिले असतील तर एका ओळीत दोन नग न लिहिता दोन स्वतंत्र ओळी करायच्या, एकीवर ‘आरटी’ व दुसरीवर ‘एलटी’, प्रत्येकी एक नग. आजाराचा कोड डाव्या हाताचा आणि पट्ट्याची खूण उजव्या हाताची, ही विसंगती यंत्र लगेच पकडते.

मेडिकेअर पैसे देणार नाही अशी शक्यता असेल, तर तसे रुग्णाला आधीच लेखी कळवून त्याची सही घ्यावी लागते. तशी सही घेतली असल्याची खूण ‘जीए’. ही खूण रुग्णाच्या हिताची आहे. म्हाताऱ्या माणसाला पट्टा बांधून पाठवायचे आणि महिन्याने त्याच्या घरी अनपेक्षित बिल पाठवायचे, हा प्रकार त्यामुळे टळतो.

कागदपत्रे व नमुना

मेडिकेअरच्या बिलामागे तीन कागद असावे लागतात. पहिला, डॉक्टरांचा लेखी आदेश. १ जानेवारी २०२० पासून त्याचा एकच प्रमाणित नमुना ठरला आहे : रुग्णाचे नाव किंवा त्याचा मेडिकेअर क्रमांक, आदेशाची तारीख, वस्तूचे वर्णन, लागू असल्यास संख्या, डॉक्टरांचे नाव किंवा राष्ट्रीय क्रमांक आणि त्यांची सही. दुसरा, पट्ट्याची गरज का आहे हे दाखवणारी तपासणीची नोंद. तिसरा, वस्तू रुग्णाला मिळाल्याची पोच. पट्टा दुकानात प्रत्यक्ष हाती दिला तर तीच तारीख बिलावर टाकतात. रुग्णालयात दाखल असताना तेथेच वापरण्यासाठी दिलेल्या पट्ट्याचे मात्र वेगळे बिल होत नाही. तो रुग्णालयाला मिळणाऱ्या एकत्रित रकमेत धरला जातो.

हे सर्व ‘सीएमएस-१५००’ नावाच्या नमुन्यात भरतात. आज ते बहुधा संगणकावरूनच जाते, परंतु रकान्यांची रचना तीच. २१ क्रमांकाच्या रकान्यात आजाराचे कोड, २४ मध्ये तारीख, ठिकाण, वस्तूचा कोड, मॉडिफायर, रक्कम व नग. त्यातच एक छोटा चौकोन असतो. कोणती वस्तू कोणत्या आजारासाठी दिली याचा बाण तो दाखवतो. रुग्णाला मधुमेहही असेल आणि कार्पल टनेलही, तर पट्ट्याचा बाण कार्पल टनेलकडे हवा. वस्तू दिल्यापासून एका वर्षाच्या आत बिल मेडिकेअरकडे पोचले पाहिजे.

पैशाचा हिशेब

हा भाग आम्हाला सर्वांत जवळचा. समजा सप्लायरने पट्ट्याची किंमत ८० डॉलर लावली आणि मेडिकेअरचा मंजूर दर ५० डॉलर आहे. (हे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत.) मंजूर दर मान्य करणाऱ्या सप्लायरला वरचे ३० डॉलर सोडून द्यावे लागतात. राहिलेल्या ५० पैकी शेकडा ८०, म्हणजे ४० डॉलर मेडिकेअर देते आणि १० डॉलर रुग्णाच्या वाट्याला येतात. मात्र त्याआधी वर्षातील ठरावीक रक्कम रुग्णाने स्वतः भरलेली असावी लागते. तिला ‘डिडक्टिबल’ म्हणतात. २०२५ साली ती २५७ डॉलर होती. ती भरून झाली नसेल तर सगळे ५० डॉलर रुग्णाच्याच खिशातून जातात. खाजगी विमा कंपन्यांचे दर, वाटे व नियम वेगवेगळे. काही ठिकाणी वस्तू देण्यापूर्वीच परवानगी घ्यावी लागते.

बिल परत आले तर

चेक न वटता परत येतो तेव्हा सोबतच्या मेमोवर कारणाचा क्रमांक असतो. ‘०१’ म्हणजे खात्यात पुरेशी शिल्लक नाही, हे बँकेतील प्रत्येकाला पाठ असते. तेथेही नेमके असेच आहे. ‘४’ म्हणजे मॉडिफायर चुकीचा किंवा नाही. ‘११’ म्हणजे आजार व वस्तू जुळत नाहीत. ‘१६’ म्हणजे माहिती अपुरी. ‘१८’ म्हणजे तेच बिल पुन्हा आले. ‘५०’ म्हणजे वैद्यकीय गरज सिद्ध झाली नाही. क्रमांकाआधी दोन अक्षरे असतात. ‘सीओ’ असेल तर ती रक्कम सप्लायरने सोसायची, रुग्णाकडे मागायची नाही. ‘पीआर’ असेल तर ती रुग्णाची जबाबदारी. ही दोन अक्षरे उलटी वाचली गेली तर एखाद्या पेन्शनरकडे नको ते पैसे मागितले जातात.

मग दुरुस्ती करून बिल पुन्हा पाठवायचे की निर्णयाविरुद्ध अपील करायचे हे ठरवावे लागते. मेडिकेअरमध्ये अपिलाच्या पाच पायऱ्या आहेत आणि पहिल्या पायरीसाठी निर्णय मिळाल्यापासून १२० दिवसांची मुदत असते. विमा कंपनीला दूरध्वनी करून ‘आमच्या बिलाचे काय झाले’ असे विचारणाऱ्या मुलांना ‘एआर कॉलर’ म्हणतात. अमेरिकेत दिवस असतो तेव्हा आपल्याकडे रात्र, म्हणून त्यांना रात्रपाळी करावी लागते. कोड लावणाऱ्याला फक्त कागद वाचायचा असल्याने तो ते काम दिवसाही करू शकतो. नोकरी घेताना हा फरक आधी विचारून घ्यावा.

एका पट्ट्यामागची मोठी फसवणूक

एवढ्याशा पट्ट्यासाठी इतके नियम कशाला, असे वाचकांना वाटेल. त्याचे उत्तर ९ एप्रिल २०१९ रोजी जगापुढे आले. त्या दिवशी अमेरिकेच्या न्याय खात्याने २४ जणांवर आरोप ठेवले. ‘ऑपरेशन ब्रेस युवरसेल्फ’ या नावाने ही कारवाई ओळखली जाते. पद्धत अशी होती : परदेशातील कॉल सेंटरमधून वृद्धांना फोन करायचा, ‘तुम्हाला फुकट पट्टा मिळेल’ असे सांगायचे, रुग्णाला न तपासता किंवा नुसते फोनवर बोलून डॉक्टरची सही मिळवायची आणि पाठ, खांदा, मनगट व गुडघा यांचे पट्टे पाठवून मेडिकेअरकडून पैसे उकळायचे. या प्रकरणातील नुकसानीचा आकडा १२० कोटी डॉलरहून अधिक सांगण्यात आला. शिवाय पट्टे पुरवणाऱ्या १३० कंपन्यांवर मेडिकेअरने प्रशासकीय कारवाई केली.

त्या प्रकरणात कॉल सेंटरे फिलिपाईन्स व लॅटिन अमेरिकेतील असल्याचे सांगण्यात आले. परंतु बोध आपणही घ्यावा असाच आहे. अशा यंत्रणेत फोन करणारी व बिल भरणारी मुले पगारीच असतात. ‘साहेबांनी सांगितले म्हणून केले’ हे उत्तर बँकेत चालत नाही, येथेही चालू नये. तयार पट्टा दिला असता मापाने बनवल्याचा कोड लावणे याला ‘अपकोडिंग’ म्हणतात. खोट्या बिलांविरुद्ध अमेरिकेत १८६३ पासून कायदा आहे. त्यात सरकारच्या नुकसानीच्या तिप्पट भरपाई वसूल होऊ शकते. आपल्या मुलांनी या कामात शिरताना हे ठाऊक करून घ्यावे आणि वरिष्ठाने नोंदीत नसलेला कोड लावण्यास सांगितले, तर त्याचा आदेश लेखी मागण्याची सवय ठेवावी.

शिकू इच्छिणाऱ्यांसाठी

या क्षेत्रातील ‘सीपीसी’ ही परीक्षा ‘एएपीसी’ ही १९८८ साली स्थापन झालेली अमेरिकन संस्था घेते. शंभर बहुपर्यायी प्रश्न, चार तास, उत्तीर्ण होण्यास शेकडा ७० गुण. परीक्षेत कोडची पुस्तके जवळ ठेवता येतात, म्हणजे पाठांतराची नव्हे तर शोधण्याची व समजण्याची परीक्षा आहे. अनुभव नसलेल्या उत्तीर्णाच्या पदवीपुढे ‘ए’ हे उमेदवारीचे अक्षर लागते व अनुभवानंतर ते निघते.

परीक्षेसाठी संस्था पदवीची अट घालत नाही. परंतु कोडिंगच्या जागांसाठी आपल्याकडील कंपन्या बहुधा जीवशास्त्र, फार्मसी, नर्सिंग, फिजिओथेरपी अशा शाखांना पसंती देतात. बिलिंग व कॉलिंगच्या कामात कला व वाणिज्य शाखेच्या मुलांना सहज प्रवेश मिळतो. आमच्यासारख्या कला शाखेच्या मंडळींनी निराश होण्याचे कारण नाही. शरीररचना शिकता येते. एका वाक्यातील ‘शंका’ हा शब्द डोळ्याखालून निसटू न देण्याची सवय मात्र वाचनानेच लागते.

क्लासला पैसे भरण्यापूर्वी चार प्रश्न अवश्य विचारावेत. पुस्तके चालू वर्षाची देता का? आजारांचे कोड दर १ ऑक्टोबरला व कृतींचे दर १ जानेवारीला बदलतात, त्यामुळे जुन्या झेरॉक्सवर शिकलेले वाया जाते. शिकवणाऱ्याने स्वतः हे काम केले आहे का? परीक्षेची फी क्लासच्या फीमध्ये आहे की वेगळी? आणि नोकरीची ‘हमी’ कोणत्या कागदावर लिहून देता? शेवटच्या प्रश्नाला उत्तर टाळले गेले तर आई-वडिलांनी दागिना गहाण ठेवण्याची घाई करू नये. आता सोपे कोड संगणक स्वतःच सुचवू लागला आहे, हेही ध्यानात असावे. पुढे टिकेल तो नोंद वाचून संगणकाचा कोड बरोबर की चूक हे सांगू शकणारा.

आमची मंडळाला एक सूचना आहे. कोडची ही पुस्तके महाग असतात आणि एकेकट्या विद्यार्थ्याला ती परवडत नाहीत. मंडळाच्या वाचनालयात चालू वर्षाचा एक संच ठेवला आणि आठवड्यातून दोन संध्याकाळ या क्षेत्रात आधीच नोकरी करणाऱ्या मुलामुलींनी नव्यांना शिकवले, तर बऱ्याच घरांचा क्लासचा खर्च वाचेल. यासाठी इमारत लागत नाही. एक कपाट, एक टेबल आणि शिकवायला तयार असलेले दोघे-चौघे पुरेत. वर्गाच्या पहिल्या दिवशी ‘एल ३९०८’ या एकाच कोडपासून सुरुवात करावी, असे आम्ही सुचवतो. समोर प्रत्यक्ष पट्टा ठेवून, तो हाताला बांधून पाहून, मग पुस्तक उघडावे. पानावरच्या पाच अक्षरांमागे कोणाचा तरी दुखरा हात आहे, हे त्यामुळे आपोआपच लक्षात राहील.